जमीन आतून पोखरली जाते तेव्हा



या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, लढाया आणि मोहिमा यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय शेतजमिनीचा आहे. तरी सुरुवात एका किल्ल्यापासूनच करतो, कारण तिथं मुद्दा चटकन लक्षात येतो.

१६६० च्या पावसाळ्यात शायिस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, आत फिरंगोजी नरसाळा आणि मोजकी शिबंदी. जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजला, समोरून तट काही हटेना. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार नेलं, बुरुजाच्या पायात दारू ठासली आणि ऑगस्टमध्ये बुरूज उडवला. तट भक्कम होता, माणसं शूर होती. वार मात्र पायाखालून आला.

आपल्या कोरडवाहू शेतात पाणी असंच सुरुंग खणतं. फरक इतकाच की त्याला दारू लागत नाही आणि घाईही नसते. जमिनीची धूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावसात वाहून जाणारं गढूळ पाणी येतं. ती वरची धूप. आज बोलायचं आहे ते आतल्या धुपीबद्दल. ती का होते, कुठं होते आणि तिच्याबद्दल आपल्याला कधीपासून माहीत आहे, हे पाहू. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण हे ज्ञान आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी तयार झालं, धरणं बांधणाऱ्यांनी ते वापरलं, पण शेताच्या बांधापर्यंत ते फारसं पोचलंच नाही.

शेतात काय दिसतं

नाल्याच्या काठापासून दहा-वीस पावलांवर एक दिवस भोक दिसतं. घुशीचं बीळ असेल म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच रेषेत आणखी एक भोक पडतं. मग कधी बैलाचा पाय आत जातो, कधी ट्रॅक्टरचं चाक. आणि एखाद्या वर्षी दणकून पाऊस येतो, दोन भोकांमधलं मातीचं छत खचतं आणि काल जिथं पेरणी झाली होती तिथं घळ दिसते. लोक म्हणतात, एका रात्रीत जमीन गेली. खरं तर ती कित्येक पावसाळे आतून जात होती. त्या रात्री फक्त छत पडलं.

असं घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाण्याला आत शिरायला वाट, पाण्यात सहज सुटणारी माती आणि ती माती घेऊन पाण्याला बाहेर पडायला तोंड. तिन्ही जमल्या की काम सुरू होतं. यातली एक जरी काढून घेतली तरी थांबतं.

आधी आत शिरण्याची वाट. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत या भेगा हातभर आणि काही ठिकाणी कमरेएवढ्या खोल जातात. जूनचा पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा माती फुगून भेगा मिटायला वेळ लागतो. तोवर पाणी नळातून उतरावं तसं थेट खाली जातं. भेगांच्या जोडीला घुशींची बिळं, खेकड्यांची भोकं, वाळवीच्या वाटा आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या असतातच.

खाली गेलेलं पाणी कुठंतरी अडतं. कुठं खाली मुरूम लागतो, कुठं चुनखडीचा थर, कुठं घट्ट चिकण. तिथून ते आडवं सरकू लागतं आणि जवळ नाल्याची उभी दरड असेल तर तिच्यातून पाझरतं. पाझर मंद असेल आणि पाणी नितळ असेल तर काळजी नाही. पण पाण्याला जोर असला तर ते तोंडाजवळचा एक कण ढकलून बाहेर काढतं. त्या जागी पोकळी झाली की मागच्या कणाचा आधार जातो. मग तो निघतो, मग त्याच्या मागचा. म्हणजे भुयाराची सुरुवात पुष्कळदा पाणी बाहेर पडतं त्या टोकाला होते आणि ते उलटं, शेताच्या दिशेनं सरकत येतं. आपण मात्र वरच्या भोकात दगड-माती भरत बसतो.

राहिली तिसरी गोष्ट, सुटणारी माती. हा मुद्दा वऱ्हाडातल्या माणसाला लगेच समजेल.

चोपण, पोयटा आणि बेहड

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते आणि पुढं तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये नदीनं हजारो वर्षांत आणून टाकलेला गाळाचा खोल थर. या पट्ट्यातल्या आठशेहून अधिक गावांत विहिरीचं पाणी खारट लागतं. म्हणूनच त्याला खारपाणपट्टा म्हणतात. दिसायला माती काळीभोर आणि खोल, पण पुष्कळ ठिकाणी ती चोपण आहे. ओली असताना चिकट, वाळली की दगड आणि पाणी मुरवायला कमालीची नाखूश.

चोपण मातीचं गुपित सोडियममध्ये आहे. चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे. त्यांच्यामध्ये चुन्यातला कॅल्शियम असेल तर पापुद्रे एकमेकांना धरून राहतात. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली की पकड सैल होते. गंमत अशी की जमिनीतलं पाणी खारं असेपर्यंत हे पापुद्रे बऱ्यापैकी एकत्र राहतात. वरून पावसाचं गोडं पाणी आलं की मात्र ते सुटतात आणि पाण्यात दुधासारखे मिसळून जातात. अशी माती न्यायला प्रवाहाचा जोरसुद्धा लागत नाही. भेगेतून उतरलेलं पावसाचं पाणी तिला विरघळवल्यासारखं घेऊन जातं.

पण आतली धूप फक्त चोपण मातीतच होते असंही नाही. गाळाचा बारीक पोयटा, ज्याचे दाणे वाळूपेक्षा लहान आणि चिकणमातीपेक्षा मोठे असतात, तोही लवकर सुटतो, कारण त्याला वाळूचं वजन नाही आणि चिकणमातीची पकडही नाही. नद्यांच्या काठचे जुने गाळाचे थर अशा मातीचे असतात. नदी पुढं खोल कापत गेली की हे थर तिच्या पात्रापासून उंचावर उरतात. मग वर शेत, खाली दूरवर नदी आणि मध्ये मातीची उभी दरड असा देखावा तयार होतो. आत वाट, सुटणारी माती आणि खाली मोकळं तोंड, तिन्ही जागच्या जागी हजर.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुरैना-भिंडकडचे चंबळचे बेहड, गुजरातेत महीच्या काठची कोतरं, खानदेशात तापीच्या दोन्ही काठांच्या घळी आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठची उकरल्यासारखी दिसणारी जमीन. गाळाचे थर वेगवेगळे, पाऊस वेगवेगळा, पण घडण एकाच जातीची. यांतला मोठा मुलूख एकेकाळी शिंदे, गायकवाड, होळकर किंवा पेशवे यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी वाचक कुठल्याही राज्यात असो, यातली एखादी नदी त्याच्या ओळखीची असतेच. चंबळचे बेहड आपण डाकूंच्या गोष्टींमुळे ओळखतो. त्या घळींच्या माथ्याशी जाऊन पाहिलं तर सपाट शेतात पडलेली भोकं आणि दरडीच्या पोटातून बाहेर पडलेली भुयारं दिसतात. घळ पुढं सरकण्याआधी तिची आघाडीची तुकडी जमिनीखालून गेलेली असते.

रूडकीचे धडे

आता ज्ञानाच्या इतिहासाकडे येऊ. हा इतिहास शेतात सुरू होत नाही. तो पंजाब आणि उत्तर प्रदेशातल्या बंधाऱ्यांवर सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारनं उत्तरेत मोठमोठे कालवे काढले. त्यासाठी नद्यांवर बंधारे घातले. अडचण अशी की त्या मैदानात पायाला खडक नाही, वाळूवरच बंधारा उभा करायचा. चिनाब नदीवरचा खानकीचा बंधारा १८९२ च्या सुमारास तयार झाला आणि १८९५ मध्ये त्याचा काही भाग खचला. वरून पाणी उसळून बंधारा फुटला असं झालं नव्हतं. पाण्यानं खालची वाळू काढून नेली होती. रूडकीच्या थॉमसन कॉलेजचे प्राचार्य कर्नल क्लिबॉर्न यांनी खानकीचीच वाळू घेऊन प्रयोग केले. नळीत वाळू भरायची, एका टोकानं पाण्याचा दाब द्यायचा आणि दाब किती झाला की दुसऱ्या टोकाची वाळू हलायला लागते ते मोजायचं. हे काम चालू होतं त्याच काळात, १८९८ च्या मार्चमध्ये, गंगेवरच्या नरोऱ्याच्या बंधाऱ्याचा मोठा भाग खालच्या पाण्याच्या दाबानं उचलला जाऊन निकामी झाला.

या अनुभवांवरून पुढं ब्लाय नावाच्या इंजिनिअरनं १९१० च्या सुमारास एक सोपा नियम मांडला: बंधाऱ्याखालून जाणाऱ्या पाण्याची वाट जितकी लांब कराल तितका त्याचा जोर कमी. बरीच वर्षं बंधारे या नियमावर बांधले गेले आणि तरी काही ठिकाणी त्रास होतच राहिला. मग अयोध्यानाथ खोसला या भारतीय इंजिनिअरनं पंजाबातल्या कालव्यांच्या बांधकामांखाली नळ्या बसवून दाब प्रत्यक्ष मोजले. १९३६ मध्ये त्यांनी बोस आणि टेलर या सहकाऱ्यांसह आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. त्याचं सार असं: वाटेची एकूण लांबी पुरेशी नाही, पाणी जिथं बाहेर पडतं तिथं त्याचा उतार किती तीव्र आहे ते पाहा. बारीक वाळूसाठी हा उतार सहास एक ते सातास एक, म्हणजे सहा-सात फूट वाटेमागं पाण्याच्या पातळीत एक फूट फरक, याहून जास्त नसावा, असं त्यांनी सांगितलं. आजही इंजिनिअरिंगची मुलं हा सिद्धांत शिकतात.

त्याच सुमारास युरोपात टर्झागी या मृदाशास्त्रज्ञानं याची दुसरी बाजू पक्की केली. पाणी अडवता येत नसेल तर त्याला बाहेर जाऊ द्या, पण तोंडाशी चाळणी लावा: आधी बारीक वाळू, मग भरड वाळू, मग खडी. पाणी निघून जातं, माती मागं राहते.

फौजेत आम्हाला शिकवतात की शत्रूच्या भुयाराची चाहूल लागली तर त्याच्या तोंडाचा शोध घ्या. रूडकीच्या लोकांनी पाण्याबाबत नेमकं हेच केलं. १९३६ पर्यंत भारतात हे लिहून, छापून, शिकवून झालं होतं.

बांधांचा इतिहास

आता त्याच काळात दख्खनच्या शेतात काय चाललं होतं ते पाहू.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळली. त्यानंतर १८८३ मध्ये जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आला. विहिरीसाठी, बांधासाठी सरकारातून तगाई मिळू लागली. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचं पद्धतशीर संशोधन सुरू केलं आणि पुढं एन. व्ही. कानिटकर यांनी ते वाढवलं. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथून जी शिफारस निघाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली: बांध घाला, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट करा, शेणखत द्या, बियाणं कमी आणि ओळी दूर ठेवा, कोळपणी करत राहा. १९४२ मध्ये मुंबई सरकारनं जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समपातळीवरचे बांध सरकारी कार्यक्रम म्हणून घातले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर लाखो एकरांवर हे काम झालं. १९७२ च्या दुष्काळात हजारो मजुरांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, बांध घातले. त्या बांधांनी कितीतरी घरांत चूल पेटती ठेवली. त्या कामाचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही.

पण हलक्या आणि मध्यम जमिनीत जे बांध चांगले चालले, तेच खोल काळ्या जमिनीत वारंवार फुटले. समपातळीवरचा बांध पाणी अडवतो आणि मुरू देतो. खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, त्यामुळे ते बांधाशी साचून राहतं आणि पीक सडतं. शिवाय बांध त्याच काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तोही भेगाळतो. पहिल्या मोठ्या पावसात मागं पाणी तुंबतं, भेगेतून धार लागते, धारेचं भुयार होतं आणि बांध बसतो. साचलेलं सगळं पाणी एका जागेतून सुटतं आणि बांध नसता तर झाली नसती एवढी मोठी घळ पाडून जातं. म्हणून पुढं कृषिशास्त्रज्ञांनी खोल काळ्या जमिनीसाठी वेगळी शिफारस केली: बांधाला हलका ढाळ द्या आणि जादा पाणी गवत लावलेल्या चरातून सावकाश बाहेर काढा.

ही शिफारस योग्य होती, पण तिची दिशा वरच्या पाण्याची होती. बांधाच्या पोटातून आणि शेताच्या तळातून जाणाऱ्या पाण्याबद्दल खानकी-नरोऱ्यानं जे शिकवलं होतं ते बांधाच्या सरकारी नकाशात उतरलं नाही. पाटबंधाऱ्याचं खातं वेगळं, शेतीचं खातं वेगळं. धरणाच्या भिंतीला चाळणी, बांधाला नुसती माती. धरणाला पाझर मोजणाऱ्या नळ्या, बांधाला दर पावसाळ्यानंतर कोणी फेरी मारेल याचीही खात्री नाही.

धरणांच्या बाबतीत तरी हे ज्ञान नेहमी पाळलं गेलं का? दुर्दैवानं नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्याआधी विसर्गाच्या बोगद्यावरचा भराव खचत गेला होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण तगवायचा प्रयत्न केला. त्यांनी मिळवून दिलेल्या तासांमुळे पुण्यातले अनेक जीव वाचले, असं मानलं जातं. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतलं टेटन धरण पहिल्यांदा भरतानाच आतून पोखरलं जाऊन फुटलं. त्याचा गाभा वाऱ्यानं आणलेल्या बारीक पोयट्याचा होता, म्हणजे वर सांगितलेली तीच सुटणारी माती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं. त्यानंतर खेकड्यांवरून बरीच चेष्टा झाली आणि जबाबदारीवरून वादही झाले. त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगतो की बीळ ही फक्त आत शिरण्याची वाट असते. माती सुटणारी नसेल आणि तोंडाशी चाळणी असेल तर बिळामुळे सहसा बांध जात नाही.

आज हे का महत्त्वाचं आहे

मी भिलाईत राहतो. इथली जमीन वेगळी. छत्तीसगढी शेतकरी तिचे चार प्रकार सांगतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल मुरमाड. कन्हार म्हणजे आपली काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाऊस इथं वऱ्हाडापेक्षा पुष्कळ जास्त आणि मुख्य पीक धान, त्यामुळे दुर्ग जिल्ह्याला कोणी खारपाणपट्टा म्हणणार नाही. पण शिवनाथच्या काठाकडच्या कन्हार शेतांना नियम तोच लागू आहे. धानाच्या बांधीतून खेकड्याच्या भोकावाटे पाणी निसटलं की शेतकरी आधी बाहेरच्या बाजूनं पाहतो, पाणी नितळ आहे की गढूळ. नितळ असेल तर पाणी जातंय, गढूळ असेल तर बांध जातोय. रूडकीच्या प्रयोगशाळेतला धडा या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून विदर्भातून आलेली बरीच मराठी कुटुंबं इथं स्थिरावली. त्यांतल्या कित्येकांची चार-सहा एकर जमीन अजून अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे आहे. जमीन ठोक्यानं दिलेली असते. मालक वर्षातून एकदा दिवाळीला किंवा लग्नाकार्याला जातो, बांधावर उभा राहून पीक पाहतो आणि परत येतो. इंदूर, हैदराबाद, सुरतेतल्या मराठी घरांचीही हीच कथा. वरची धूप अशा माणसालाही दिसते. आतली धूप दिसत नाही. ठोक्यानं करणारा माणूस एका हंगामाचा विचार करतो, आणि भुयाराला दहा हंगाम लागतात. म्हणून हा विषय मी मुद्दाम मराठी वाचकांसमोर ठेवतो आहे.

दुसरं कारण ताजं आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगाव पोकलेन आणि जेसीबी लावून नाले खोल केले गेले. पाणी साठावं हा हेतू चांगला, आणि बऱ्याच गावांत विहिरींना फायदा झालाही. पण खोसलांचा धडा इथं आठवावा. खडकात किंवा घट्ट मुरमात नाला खोल केला तर फारसं बिघडत नाही. बारीक गाळाच्या किंवा चोपण जमिनीत तो दहा फूट खोल आणि उभ्या काठांचा केला, की शेतातलं पाणी आणि नाल्याचा तळ यांतला फरक वाढतो, पाण्याची वाट आखूड होते आणि बाहेर पडण्याचा उतार तीव्र होतो. वर तोंडही मोकळं मिळतं. तिसरी गोष्ट आपणच पाण्याच्या हाती दिली.

तसंच घळी सपाट करण्याचं. चंबळकाठी असो की प्रवरेच्या काठी, शेतकरी पदरचे पैसे घालून उंचवटे तोडतो, घळीत माती लोटतो आणि शेत तयार करतो. जमिनीची भूक असते, त्याला दोष देता येत नाही. पण भरलेली माती भुसभुशीत असते, खालची जुनी भुयारं तशीच असतात आणि पाण्याला आपली जुनी वाट आठवते. भराव टप्प्याटप्प्यानं दाबून केला नाही आणि पाण्याला बाहेर काढणारा पक्का सांडवा ठेवला नाही, तर काही पावसाळ्यांनी घळ त्याच जागी पुन्हा उघडते. आणि दर वेळी ती वर मागच्यापेक्षा थोडी पुढं सरकलेली असते.

काय करता येईल

पहिलं काम अगदी बिनखर्चाचं. ऑस्ट्रेलियातल्या इमर्सन या मृदाशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडलेली ही परीक्षा कोणत्याही घरात करता येते. शेतातला, शक्यतो फूट-दोन फूट खालचा, वाळलेला मातीचा लहानसा खडा घ्या. काचेच्या पेल्यात बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी घ्या. विहिरीचं पाणी चालणार नाही, कारण त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. खडा अलगद सोडा आणि पेला हलवू नका. दहा मिनिटांनी पाहा, दोन तासांनी पाहा, दुसऱ्या दिवशी पाहा. खडा ढासळून भुगा झाला पण पाणी नितळ राहिलं, तर मोठी काळजी नाही. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर ती माती सुटणारी आहे. अशा शेतात नाला खोल करण्याआधी, शेततळं खणण्याआधी किंवा घळ भरण्याआधी दहादा विचार करा आणि कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या.

दुसरं, माती चोपण निघाली तर तिला कॅल्शियम हवं. जिप्सम, त्याबरोबर शेणखत आणि सुटलेला सोडियम धुऊन जाण्यासाठी निचरा. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ खारपाणपट्ट्यासाठी या वाटेनं बरीच वर्षं काम करत आहे. जिप्सम किती घालायचं ते माती तपासणीवरून ठरतं, शेजाऱ्याला विचारून नाही.

तिसरं, शेतात भोक पडलेलं दिसलं तर आधी त्याचं खालचं तोंड शोधा. पावसात नाल्याच्या काठानं चाला. पाझर कुठं आहे आणि पाणी गढूळ आहे का ते पाहा. ते तोंड सिमेंटनं बंद करू नका. बंद केलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. तिथं आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर रचा. वरचं भोक उकरून त्याच जागची माती ओलसर करून थराथरानं ठोकत भरा आणि पाणी तिथं येणार नाही असा लहान चर वळवा. नाल्याचा उभा काठ तिरका करून घ्या आणि त्यावर वाळा किंवा स्थानिक गवत लावा.

चौथं, पावसाळ्यापूर्वी वखरणी करून वरच्या भेगा मोडा आणि काडीकचरा शेतातच ठेवा. यानं पहिल्या पावसाचं पाणी थेट तळात जात नाही.

यातलं काही नवं नाही. वखर जुना आहे, वाळा जुना आहे, दगडी ताली जुन्या आहेत, आणि चाळणीचा नियमही आता शंभरीकडे आला. नवं करायचं आहे ते एवढंच की धरणवाल्यांची चाळणी आणि शेतकऱ्याचा बांध यांची गाठ घालून द्यायची. पुढच्या वेळी गावात पाणलोटाची योजना आली तर ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: इथली माती पेल्यात टाकून पाहिली का? आणि शेतातलं पाणी नाल्यात नेमकं कुठून बाहेर पडणार? यांचं उत्तर मिळाल्यावरच पोकलेन लावू द्या.

दिवाळीला गावी जाणार असाल तर नुसतं पीक पाहून परत येऊ नका. नाल्यात उतरा आणि आपल्या शेताकडे खालून बघा.

जय हिंद.